येऊन राह्यली

"पकडा मला," असं म्हणत बाई संवादांचे कागद समोरच्याच्या हातात कोंबायच्या. समोर कोण आहे हे त्या पाहत नसत. मेकअपवाला असो, जनरेटरवाला असो, नाहीतर शूटिंग पाहायला आलेले सरपंच असोत. चष्मा डोक्यावर ढकलायचा, डोळे मिटायचे आणि पहिल्या शब्दापासून सुरू व्हायचं. स्वल्पविराम आला की तेवढं थांबायचं. संपल्यावर एक डोळा उघडून त्या विचारायच्या, "सापडले?"

त्या कधीच सापडल्या नाहीत. सरपंचांनी एकदा मोठ्या आशेने ओळीखाली बोट फिरवत पाहिलं. दुसऱ्या पानावर बाईंनी डोळे न उघडताच त्यांना सांगितलं, "सरपंचसाहेब, पान उलटा. बराच वेळ आवाज आला नाही."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी याच्या उलट ऐकलं आहे. आपल्या वर्ध्याजवळच्या सेलूकडे भुताच्या पिक्चरला एक म्हातारी नटी आली होती आणि तिला एक साधी ओळ पाठ होईना. तो व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आला असेल. तुम्ही हसून तो पुढे पाठवला असेल. मीही पाठवला. त्यात खोटं काय आहे ते मला नेमकं ठाऊक आहे, कारण ते माझ्याच तोंडून निघालेलं आहे. मी आता एकोणऐंशीचा आहे आणि डॉक्टर हल्ली माझ्याशी फार गोड बोलू लागले आहेत. तेव्हा आणखी उशीर करण्यात अर्थ नाही.

बाईंचं नाव लिहीत नाही. तुमच्या आईवडिलांना विचारा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी तंबूतल्या टॉकीजमध्ये त्यांनी ज्या नायिकेसाठी रुमाल भिजवले, तीच ही. आम्ही फक्त 'बाई' म्हणायचो. पुण्याची तरुण मंडळी 'मॅम' म्हणायची, तेव्हा बाई मागे वळून बकरी कुठे आहे ते पाहायच्या.

चित्रपटाचं नाव 'ती जिनात राहते'. त्याचा जन्मच एका गैरसमजातून झाला. आमच्या गावाबाहेर कापसातून सरकी काढायचा जुना कारखाना आहे, केव्हाचा बंद पडलेला. आमच्याकडे त्याला जीन म्हणतात, आणि त्याच्या मॅनेजरसाठी बांधलेल्या दगडी घराला जिनातला बंगला. पुण्याहून लोकेशन शोधायला आलेल्या तरुण दिग्दर्शकाने चहाच्या टपरीवर हे दोन शब्द ऐकले आणि त्याच्या अंगावर काटा आला. जिन म्हणजे बाटलीतला, दाढीवाला, असं त्याने धरून घेतलं. आठवड्याभरात त्याने कथा लिहून काढली. इथे भूत नव्हे, कापूस असायचा, हे त्याला कळेपर्यंत पोस्टर छापून झालं होतं.

त्याला परदेशी धर्तीचा भयपट हवा होता. दाट धुकं, मेणबत्त्या, काळा झगा, शवपेटी. महिना मे. मेणबत्त्या पेटवायच्या आधीच कमरेत वाकून नमस्कार करायच्या. धुक्याचं मशीन परवडेना, म्हणून ग्रामपंचायतीचं डास मारायचं मशीन आणलं. पहिल्या दिवशी त्या धुरातून बाईंची हडळ प्रकट झाली आणि खोकत खोकत परत गेली. कुंपणाशी उभ्या असलेल्या बायांपैकी एक ओरडली, "पिक्चरचं झालं असन तं आमच्या नालीवरबी मारा थोडं!"

शवपेटी गावच्या सुताराने केली. त्या बिचाऱ्याने जन्मभर दिवाण केलेले. त्याने सवयीप्रमाणे आत दोन कप्पे काढले आणि वरून सनमायका लावला. आजही ती सरपंचांकडे आहे. गव्हासाठी उत्तम आहे म्हणतात.

हडळीचा झगा म्हणजे लग्नाच्या मंडपातल्या स्टेजचा मखमली पडदा होता. त्यावरची टिकल्यांची अक्षरं उसवून काढली होती, पण मखमल दबलेली राहिली. प्रकाश आडवा पडला की बाईंच्या पाठीवर 'शुभविवाह' वाचता यायचं. त्यामुळे सबंध चित्रपटात हडळ कुणालाही पाठ दाखवत नाही. एका समीक्षकाने पुढे यात मोठा अर्थ पाहिला.

रात्री बंगल्याभोवती साप निघतात म्हणून गावाने रात्रीच्या शूटिंगला हरकत घेतली. मग खिडक्यांना काळं कापड ठोकून भर दुपारची रात्र करण्यात आली. आत भट्टी आणि बाहेर लू. आवाज जागेवर अंदाजापुरताच घ्यायचा होता, सगळं नंतर स्टुडिओत भरायचं होतं. त्यामुळे दिग्दर्शकाचं एक आवडतं वाक्य तयार झालं होतं. म्हैस ओरडली, डीजे लावलेला ट्रॅक्टर गेला, की तो हात झटकून म्हणायचा, "डबिंगला बघू." हिरो घाबरण्याऐवजी हसला तरी "डबिंगला बघू." हिरो नागपूरचा होता, जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवायचा. बाई त्याला एकदा म्हणाल्या, "बाळा, तू घाबरतोस तेव्हा तुझे दंड काऊन फुगतात रे?"

आता माझ्याविषयी. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. शिकवली म्हणजे काय केलं, तर 'काऊन' म्हणणाऱ्या पोरांच्या हातावर पट्टी मारून त्यांना 'का' म्हणायला लावलं. 'मले'चं 'मला' केलं, 'नाई'चं 'नाही' केलं. 'करून राह्यलो' म्हणणाऱ्याला बाकावर उभं केलं. घरी आईलासुद्धा दुरुस्त करायचो. पुढेपुढे ती माझ्यासमोर कमी बोलायला लागली. अशा माणसाला त्या चित्रपटाचा वऱ्हाडी भाषेचा सल्लागार नेमलं. मांजराला उंदरांचं वकीलपत्र देण्यातला हा प्रकार होता, पण मांजर खुशीत होतं. पुस्तकी मराठीत लिहिलेले संवाद मी वऱ्हाडीत करून द्यायचे आणि दाराआडून प्रॉम्प्टिंग करायचं, असं काम. प्रॉम्प्टिंगची मला सवय होती. वर्ध्याच्या हौशी नाटक मंडळींसाठी मी कित्येक वर्षं विंगेत उभा राहिलो आहे.

बाईंना आणायला मीच वर्धा स्टेशनला गेलो. मी पोचलो तेव्हा त्या स्वतःची उशी काखेत मारून फलाटावर उभ्या होत्या. मी ओळख करून दिली. त्यांनी मला चपलेपासून टोपीपर्यंत पाहिलं.

"प्रॉम्प्टर? म्हणजे माझे भाऊ की माझे वैरी?"

"भाऊच म्हणा."

"बघू. वैरी निदान वेळेवर येतात. गाडी येऊन वीस मिनिटं झाली, सर."

त्या संत नव्हत्या, हेही सांगितलं पाहिजे. वय कुणी विचारलं की बासष्ट. गेली बरीच वर्षं बासष्टच. रमीत उघड उघड पत्ते चोरायच्या आणि पकडल्यावर आपणच दुखावल्यासारखं तोंड करायच्या. युनिटचा चहा आला की पेला उजेडात धरून म्हणायच्या, "हा चहा आहे की चहाची बातमी?" माझे संवाद वाचून दुसऱ्याच दिवशी त्यांनी निकाल दिला, "तुमची वऱ्हाडी म्हणजे चमच्याने भाकर खाल्ल्यासारखी आहे, सर. पोट भरतं, पण बघवत नाही."

मला राग आला. मी हसलो.

त्या मग वऱ्हाडी शिकायला स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या. युनिटचा स्वयंपाक गावातली शेवंताबाई करायची. कापूस वेचणीचे दिवस सोडले की ती लग्नाकार्यात भाकरी थापायला जायची. तिचं तोंड तव्यापेक्षा गरम. बाई तिच्याजवळ पाटावर बसून वांगी चिरायच्या आणि तिचे शब्द जिभेवर घोळवत राहायच्या. 'काऊन' त्यांना फार आवडला. येता-जाता मला म्हणायच्या, "काऊन सर? तोंड काऊन पाडलं?" दर वेळी मला माझी पट्टी आठवायची.

दुपारी जेवणानंतर बाई शवपेटीत झोपायच्या. सनमायक्यामुळे बंगल्यात तेवढी एकच जागा गार होती. एका दुपारी मी शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. पेटीतून आवाज आला, "सर, तुम्हाला ठाऊक आहे मी हे भुताचं सोंग काऊन घेतलं?"

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका नाटकात त्या रंगमंचावर अर्धं मिनिट गप्प उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या म्हाताऱ्या नटाची कवळी पडली होती आणि तो पाठ फिरवून ती बसवत होता. बाई थांबून राहिल्या. प्रेक्षकांना वाटलं, या विसरल्या. तेव्हापासून त्यांच्या नावापुढे ते चिकटलं. कामं बंद झाली. आता एका मालिकेत आजीची भूमिका होती, रोजचं काम, वर्षानुवर्षं चालणारं. पण त्या लोकांना धाकधूक होती, म्हातारीला रोजची पानं पाठ होतील का? बाईंनी त्यांना शब्द दिला होता की या चित्रपटाचा शेवटचा प्रवेश पाहा. चार पानांचं स्वगत, मध्ये न तोडता, एका शॉटमध्ये. दिग्दर्शक तो तुकडा त्यांना पाठवणार होता.

"तेवढं झालं की माझं म्हातारपण कामात जाईल. नाहीतर पुतणीच्या हॉलमध्ये, सोफ्यावर. तेही अशा कोपऱ्यात की तिच्या नवऱ्याला टीव्ही दिसला पाहिजे."

मी म्हणालो, "पण कवळीचं सांगून टाकायचं ना तेव्हाच!"

बाई पेटीत उठून बसल्या. मखमली झगा, डोळ्यांखाली काजळाचे डाग. त्या वेळी त्या पहिल्यांदा खरोखर भीतिदायक दिसल्या.

"कवळी त्याची होती, सर. मी कशी सांगू? तुम्ही विंगेत उभे राहता, तुम्हाला हे सांगायला लागतं? नट चुकला तर प्रॉम्प्टरने झाकायचं, प्रॉम्प्टर चुकला तर नटाने झाकायचं. चव्हाट्यावर कुणी कुणाला आणायचं नाही. नाहीतर धंदा चालेल कसा?"

मी मान डोलावली. पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

आता ती ओळ. चित्रपटातली हडळ ही लांबच्या गावाहून लग्न होऊन त्या बंगल्यात आलेली बाई. मालक बदलतात, वारस येतात, बंगला विकायला निघतात, ही हलत नाही. शेवटी जिमवाला वारस तिला निघून जा म्हणतो, आणि ती चार पानं बोलते. दिग्दर्शकाने शेवटची ओळ लिहिली होती, "तुम्ही येता, जाता. मी येऊन राहिले." वाईट लिहीत नव्हता पोरगा.

मी तिची वऱ्हाडी केली. 'तुम्ही'चं 'तुमी', 'राहिले'चं 'राह्यली'. "तुमी येता, जाता. मी येऊन राह्यली." झालं काम. चहा घेतला.

आमच्याकडचे लोक एव्हाना हसले असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. पुण्याला 'येऊन राहिले' म्हणजे आले आणि इथलीच झाले. आमच्याकडे 'येऊन राह्यली' म्हणजे येत आहे, निघाले आहे, वाटेत आहे. कित्येक वर्षांपासून त्या घरात ठाण मांडून बसलेली हडळ सांगते आहे की मी येतेय, पाच मिनिटांत पोचते. ज्या बोलीसाठी मी पोरांना बाकावर उभं केलं, तीच माझ्या कानातून निघून गेली होती.

शेवटच्या प्रवेशाच्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघरात स्वगत म्हणत होत्या. शेवंताबाईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"बाई, हे भूत कोन्या गावचं हाय? घरातच बसली हाये अन् म्हन्ते मी येऊन राह्यली! कुठून येऊन राह्यली, न्हानीतून?"

बाई थेट माझ्याकडे आल्या. मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सर, शेवटची ओळ उलटी पडतेय. शेवंताबाई म्हणते, 'मी इथंच आहो' असं हवं. तुम्हीच जाऊन दिग्दर्शकाला सांगा. सुचलं म्हणून सांगा, माझं नाव नको."

मला तत्काळ कळलं. शंका उरलीच नाही. शेतातून डोक्यावर भारा घेऊन येणारी माझी आई लांबूनच हाक मारायची, "येऊन राह्यली रे!" ती हाक मला तिथे, त्या व्हरांड्यात, स्वच्छ ऐकू आली.

पण त्या दिवशी पत्रकार येणार होता. माझे दोन जुने विद्यार्थी आले होते, एक आता मोठा कंत्राटदार. बायको नवी साडी नेसून खुर्चीत बसली होती. अर्ध्या तासापूर्वीच दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, वऱ्हाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द सरांचा. मी टोपी सारखी केली.

"आहे तेच बरोबर आहे," मी म्हणालो.

"काऊन, सर?"

"मी सांगतो म्हणून."

एकतीस वर्षं वर्गात हेच उत्तर चाललं होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा मेकअपवाल्याकडे दिला आणि आत गेल्या.

पहिला टेक. चार पानं. मी दाराआड कागद धरून उभा होतो आणि माझी एका शब्दालाही गरज पडली नाही. जिमवाल्याचे दंडसुद्धा ढिले पडले. तो खरोखर घाबरला होता. शेवटी बाई थांबल्या, आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाल्या, "तुमी येता, जाता. मी इथंच आहो."

शेवंताबाईने तोंडाला पदर लावला. तिच्या अंगावर काटा आलेला मला दाराआडून दिसत होता.

"कट! मॅम, काय केलंत हो तुम्ही! फक्त शेवटची लाइन..." दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. "सर, काय आहे लाइन?"

मी कागद वाचून दाखवला. "मी येऊन राह्यली."

"मॅम, तेवढं एक."

"सरांना नीट विचारा," बाई म्हणाल्या.

"सर?"

"कागदावर आहे तेच बरोबर."

दुसरा टेक. पुन्हा चार पानं, पुन्हा एकही अक्षर इकडे-तिकडे नाही, आणि शेवटी पुन्हा "मी इथंच आहो." तिसरा. चौथा. दर वेळी ओळ संपल्यावर बाई दाराकडे पाहायच्या. रागाने नव्हे. नाटकात समोरचा नट आपलं वाक्य विसरला की आपण त्याला डोळ्यांनी वेळ देतो, तसं. त्या मला वेळ देत होत्या. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की सरांनी चूक लिहिलंय. आणि चुकीची ओळही म्हटली नाही. पाचव्या टेकनंतर माझ्याजवळून जाताना पुटपुटल्या, "अर्थ नसलेलं माझ्या जिभेवर बसत नाही, सर. काय करू?"

सतरा टेक झाले. त्या काळ्या कापडाच्या भट्टीत, मखमलीच्या पडद्यात, सत्तरीच्या पुढच्या बाईने चार पानी स्वगत सतरा वेळा अचूक म्हटलं. माझा हिशेब चुकला असेल तर क्षमा करा, कारण दहाव्यानंतर मी कागदावरून डोळे वर केले नाहीत. मध्ये शेवंताबाई लिंबाचं पाणी देऊन गेली. जाताना माझ्याकडे पाहून मुद्दाम थुंकली. म्हणजे बाजूला थुंकली, पण मला कळेल असं.

शेवटी दिग्दर्शकाने हात झटकला. "डबिंगला बघू."

बाहेर पत्रकाराने विचारलं, "काय झालं सर? आठवत नव्हतं काय त्यायले?" मी आवाजात सहानुभूती आणली. "वयोमानानुसार होतंच. मोठी कलावंत आहे. आपण समजून घ्यायचं."

हे वाक्य त्याने जसंच्या तसं छापलं. सहानुभूतीने माणूस जितका ठार होतो तितका शिव्यांनी होत नाही. प्रॉडक्शनमधल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेला तुकडाही फिरू लागला. त्यात चार पानं नव्हती. फक्त शेवटची ओळ, दिग्दर्शकाचं "मॅम, लाइन चुकली" आणि पुन्हा तीच ओळ, पुन्हा "लाइन चुकली". मालिकेवाल्यांकडे चार पानांच्या आधी हा तुकडा पोचला.

बाईंचा आवाज स्टुडिओत दुसऱ्याच कुणीतरी भरला. त्यांना बोलावलंच नाही. उगाच वेळ जाईल, असं ठरलं.

चित्रपट वर्ध्याला लागला तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो, गळ्यात हार घालून. पडद्यावर माझं नाव आलं, त्यात एक काना जास्त होता. शेवटी हडळ चार पानं बोलली. सभागृह गप्प होतं. हो, आपलं वर्ध्याचं सभागृह गप्प होतं. आणि मग ती परकी बाई त्यांच्या तोंडून म्हणाली, "मी येऊन राह्यली."

मग बाल्कनीतून आवाज आला, "येऊन राह्यली तं ये ना व माय लवकर! पिक्चर संपून राह्यलं!"

थिएटर कोसळलं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. मागून दुसरा म्हणाला, "ऑटो भेटला नसन तिले!" मध्यंतरातले पॉपकॉर्न पडद्यापर्यंत पोचले. बाहेर आल्यावर माझ्या विद्यार्थ्याने, त्या कंत्राटदारानेच, विचारलं, "सर, तुम्ही असताना असं कसं झालं?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "काय करता! बाईंना लाइनच आठवेना. जे निघालं ते ठेवलं."

महिनाभराने त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

"सर, मालिका गेली. म्हटलं, दुसरीकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐका. अजून त्यांनी दुसरी आजी घेतलेली नाही. एक नंबर देते, लिहून घ्या. एक फोन करा. इतकंच सांगा की ओळ तिने बदलली, विसरली नाही. कोणाची चूक, का बदलली, काही सांगू नका. माझा हट्ट म्हणा. मी तुमचं झाकलं, सर. आता माझं थोडं झाका."

"करतो," मी म्हणालो. "आजच करतो."

नंबर मी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिला. आज करू, उद्या करू. फोन केला तर ते विचारतील का बदलली. मग पत्रकाराला कळेल. मग कंत्राटदाराला. चौथ्या दिवशी मी स्वतःला समजावलं की आता उशीर झाला, आता फोन करणं बरं दिसणार नाही. वर्ष संपलं. पंचांग रद्दीत गेलं. रद्दीवाल्याला मी स्वतः दिलं.

त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

मागच्या थंडीत बाई गेल्या. पेपरात आतल्या पानावर चार इंच बातमी होती. जुन्या चित्रपटांची नावं, एक तरुणपणीचा फोटो आणि शेवटी एक वाक्य, 'अखेरच्या काळात त्यांना विस्मरणाने ग्रासले होते.' मी पुतणीचा नंबर मिळवून फोन केला. ती वैतागलेलीच होती. म्हणाली, "विस्मरण? आत्याला माझ्या लग्नातले आहेरसुद्धा पाठ होते हो. कोणी काय दिलं, सगळं. दवाखान्यात नर्सच्या हातात कागद द्यायची आणि म्हणायची, पकडा मला." मग तिने विचारलं, "आपण कोण?"

मी सांगितलं, एक प्रेक्षक.

त्याच आठवड्यात सेलूच्या बाजारात शेवंताबाई भेटली. मेथीची जुडी हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. ती मला इतर सगळ्यांसारखं 'सर' म्हणत नाही, 'मास्तर' म्हणते.

"मास्तर, गेली ना ते बाई."

"हो. वाचलं."

"मीच सांगतलं होतं तिले, ते ओळ चुकली म्हून. तुमालेबी सांगतलं असन तिनं."

मी मेथीकडे पाहत राहिलो.

"मंग तुमी तोंड काऊन नाई उघडलं?"

मोठा प्रश्न नव्हता. वर्गात मी याहून कठीण विचारत असे. तिने मेथी पिशवीत टाकली आणि गेली.

त्या दुपारी मी नातवाकडून मोबाइलवर तो चित्रपट लावून घेतला. तो आता फुकट पाहायला मिळतो, मध्ये मध्ये सिमेंटच्या जाहिराती लागतात. कानाचं मशीन मी काढून ठेवलं होतं. मुद्दामच. ती परकी बाई मला ऐकायची नव्हती. चार पानं नुसती पाहिली. मग शेवटची ओळ आली आणि मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पुन्हा मागे नेऊन पाहिलं. नातवाला बोलावून आणखी पाच वेळा लावायला सांगितलं.

तुम्हीही पाहा. शोधलंत तर सापडेल. कमरेत वाकलेल्या मेणबत्त्यांना हसा, सनमायक्याला हसा, जिमवाल्याला तर नक्की हसा. शेवटच्या पाच मिनिटांना मात्र आवाज बंद करा. बाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आहेत, कॅमेरा अगदी जवळ आहे. चुकीची ओळ त्यांनी कॅमेऱ्यासमोर एकदाही म्हटलेली नव्हती, त्यामुळे ती म्हणतानाचं चित्र दिग्दर्शकाकडे नव्हतंच. त्याला खऱ्या ओळीचंच चित्र ठेवावं लागलं. 'राह्यली' म्हणताना तोंड शेवटी फाकतं. आरशासमोर म्हणून पाहा, 'ली'. आता त्यांच्याकडे पाहा. ओठ 'आहो'वर येतात, शेवटचा 'हो' पुरता होतो, आणि चित्र काळं होईपर्यंत ते तसेच गोल राहतात.